बोटींची घराणी, गाड्यांची घराणी

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांचा. चौदा तालुके, अकोल्यात कळसूबाईचे शिखर, कोपरगावाला गोदावरी, शिर्डी, शनिशिंगणापूर, ज्ञानेश्वरीचे नेवासे, सगळे काही विधात्याने ह्या जिल्ह्याच्या पदरात घातले. समुद्र मात्र द्यायचा राहून गेला. आमच्याकडे पाण्यावरचे वाहन म्हणजे भंडारदऱ्याच्या जलाशयातली होडी. असे असूनही यंदा आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला आगबोट आली, आणि ती चार दिवस हलेना.

झाले असे की, आमचा पुतण्या पुण्यास नोकरीला असतो. लग्नाचा वाढदिवस म्हणून नवराबायको मुंबईहून बोटीने सहलीला जाऊन आली. मुंबई-गोवा आणि परत. आता माणूस बोटीवर गेला की तो समुद्राविषयी बोलेल, सूर्यास्ताविषयी बोलेल, निदान पोटात ढवळले त्याविषयी बोलेल, अशी आमची समजूत. पण हल्लीच्या मुलांचे तसे नसते. ती जाण्यापूर्वी सगळा अभ्यास करून जातात. चकलीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, "काका, आम्ही गेलो ती बोट तिच्या क्लासमधली एकटीच आहे बरं का!"

"म्हणजे फर्स्ट क्लासची ना?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"नाही हो काकू. तिकिटाचा क्लास नव्हे. बोटीचा क्लास. प्रत्येक कंपनीच्या बोटींचे असे क्लास असतात."

माई, म्हणजे आमच्या थोरल्या भगिनी, शेवगावहून दिवाळीला आल्या होत्या. त्यांचा जन्म एस्. टी.च्या आगेमागे झालेला आणि अर्धे आयुष्य एस्. टी.त गेलेले. त्या लाडवावरचा हात न काढता म्हणाल्या, "अरे, एवढे आढेवेढे कशाला? साधी होती की निमआराम, ते सांग!"

मंडळी हसली. आम्हाला मात्र माईंच्या प्रश्नात फार अर्थ दिसला. बोटींच्या कंपन्या आपला ताफा कसा लावतात आणि आपले एस्. टी. महामंडळ आपला ताफा कसे लावते, ह्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात असे मनाने घेतले. वाचकांना पटले तर ठीक. न पटले तर फराळ समोर आहेच.

पहिली अडचण शब्दाची. 'क्लास' हा एकच शब्द बोटीच्या बाबतीत तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. एक आपल्या ओळखीचा, म्हणजे उतारूंचा वर्ग: पहिला, दुसरा, तिसरा. जुन्या आगबोटींवर ह्या वर्गांमध्ये नुसता भाड्याचा फरक नसे, जिने वेगळे, जेवणघरे वेगळी, फिरायची डेकेही वेगळी. दुसरा अर्थ विमेवाल्यांचा. लंडनमधल्या एडवर्ड लॉइड ह्यांच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे व्यापारी जमत. त्यातून १७६० साली लॉइड्स रजिस्टर ही संस्था निघाली. जहाजाचा सांगाडा किती भक्कम ते अक्षराने आणि दोर, नांगर वगैरे सामान किती चांगले ते आकड्याने, अशी तिची प्रतवारी असे. सर्वांत उत्तम जहाज म्हणजे 'ए-वन'. नगरच्या माळीवाड्यात आपण टपरीवर उभे राहून "चहा ए-वन झालाय" म्हणतो, तेव्हा आपण नकळत लंडनच्या विमेवाल्यांची भाषा बोलत असतो. मौज आहे की नाही?

तिसरा अर्थ आपल्या पुतण्याचा. एकाच आराखड्यावरून बांधलेल्या बोटी म्हणजे एक क्लास. ह्याला आपण 'वर्ग' म्हटले तर तिकिटाशी गोंधळ होतो. 'जात' म्हणावे तर दिवाळीत नको तो विषय निघतो. म्हणून आम्ही 'घराणे' म्हणतो. घराण्यात जी बोट आधी जन्माला येते तिचे नाव बहुधा साऱ्या घराण्याला मिळते, आणि बाकीच्या तिच्या बहिणी म्हणवतात. बोट ही इंग्रजीत स्त्रीलिंगी आणि मराठीतही स्त्रीलिंगी, तेव्हा हे नाते आपल्याला जड जात नाही.

सर्वांना ठाऊक असलेले घराणे म्हणजे टायटॅनिकचे. पण ते टायटॅनिकचे नव्हेच! ते ऑलिंपिक घराणे. थोरली ऑलिंपिक १९११ साली पहिल्या सफरीला निघाली, मधली टायटॅनिक १९१२ साली निघाली आणि पहिल्याच सफरीत बुडाली, धाकटी ब्रिटॅनिक उतारूंच्या सेवेत गेलीच नाही. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळी जहाज झाली आणि १९१६ साली बुडाली. तिघी बेलफास्टच्या एकाच गोदीत बांधलेल्या. थोरलीने १९३५ पर्यंत निमूटपणे संसार केला. तिचे नाव आज किती जणांना आठवते? व्हायोलेट जेसप नावाची एक परिचारिका ह्या तिन्ही बोटींवर होती. ऑलिंपिकची १९११ साली एका युद्धनौकेशी टक्कर झाली तेव्हा ती तिच्यावर होती, टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर होती, ब्रिटॅनिक बुडाली तेव्हाही होती. आणि तिन्ही वेळा जगली. नवीन बोटीवर गेली तरी जिना कोठे आणि दार कोठे हे तिला विचारावे लागले नसेल, एवढे आपण खुशाल धरून चालू.

आणि नेमके तेच घराण्याचे मर्म आहे. कंपन्या एकसारख्या बोटी का बांधतात? हौस म्हणून नव्हे. एक आराखडा काढायला जो खर्च येतो तो चार-सहा बोटींवर वाटला जातो. गोदीतल्या कामगारांचा हात दुसऱ्या-तिसऱ्या बोटीला बसलेला असतो. एका बोटीचा खलाशी, आचारी, इंजिनवाला उद्या तिच्या बहिणीवर नेऊन सोडला तरी तो अंधारात सुद्धा चुकत नाही. सुटे भाग सारखे. आणि नेहमीच्या उतारूलाही आपली आवडती खोली कोणत्या मजल्यावर कोणत्या बाजूला, हे पाठ असते. कार्निव्हल नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९० ते १९९८ ह्या काळात फिनलंडातल्या हेलसिंकीला एका घराण्याच्या आठ बोटी बांधून घेतल्या. थोरलीचे नाव फँटसी. बाकीच्या बहिणींची नावे एक्स्टसी, सेन्सेशन, फॅसिनेशन, इमॅजिनेशन, इन्स्पिरेशन, इलेशन आणि पॅराडाइज. मराठीत आणली तर कल्पना, प्रतिभा, मोहिनी, स्फूर्ती अशा एखाद्या कन्याशाळेच्या हजेरीपटातल्या मुली उभ्या राहतात!

रॉयल कॅरिबियन म्हणून दुसरी मोठी कंपनी. तिच्या बोटींचे आडनाव एकच, 'ऑफ द सीज'; पुढचे नाव वेगळे. १९९९ साली व्हॉयेजर घराणे आले, २००९ साली ओअॅसिस घराणे, २०२४ साली आयकॉन घराणे. प्रत्येक नवे घराणे आधीच्यापेक्षा थोराड. आयकॉन घराण्याची थोरली बोट सुमारे अडीच लाख टनांची आहे. (हा टन वजनाचा नाही, वाचकहो, बोटीच्या पोटात किती जागा आहे त्याचे ते माप आहे. पूर्वी बोटीत दारूची किती पिंपे मावतात ते मोजत, त्या पिंपाच्या नावावरून हा शब्द आला.) ह्याच कंपनीत एक गंमत आहे. व्हिजन नावाचे तिचे एक घराणे. त्यातली पहिली बोट लेजेंड १९९५ साली आली. पण घराण्याला नाव मिळाले ते सर्वांत शेवटी, १९९८ साली आलेल्या व्हिजनचे. धाकट्या लेकीच्या नावाने घर ओळखले जावे, असे क्वचित आपल्याकडेही होते.

घराणे निराळे आणि ताफा निराळा. ताफा म्हणजे एका मालकाच्या साऱ्या बोटी, मग त्या पाच घराण्यांच्या का असेनात. आणि मालकांचेही आता गोत्र झाले आहे. ज्या कंपन्या एकेकाळी अटलांटिकवर एकमेकींच्या उरावर बसत, त्यांतल्या कितीतरी आज एकाच छपराखाली नांदतात. क्युनार्ड, पी. अँड ओ., प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा ह्या साऱ्या नावांच्या मागे कार्निव्हल कॉर्पोरेशन हा एकच मालक आहे. नावे जुनी ठेवली, कारण उतारू नावाला जागतो. कोणाला थाटामाटाचे जेवण हवे तर क्युनार्ड, कोणाला पोराबाळांचा धिंगाणा हवा तर कार्निव्हल. पैसा शेवटी एकाच गल्ल्यात.

आता पुतण्याच्या बोटीकडे येऊ. तिचे नाव 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी. फ्रान्समधल्या सेंट नझेरच्या गोदीत ती बांधली आणि १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' ह्या नावाने सेवेत आली. पुढे नाव बदलले, मालक बदलले, आणि २०२१ साली कॉर्डेलिया ह्या कंपनीच्या नावाने ती मुंबईहून निघू लागली. तिच्यासारखी दुसरी कधी बांधलीच नाही. एकुलती एक. घराण्यात ती एकटी आहे हे पुतण्याचे म्हणणे अगदी खरे. मोठ्या सागरांवरून निवृत्त झालेली बोट आपल्याकडे येऊन संसार मांडते, ह्यात कमीपणा काही नाही. मागे एकदा असेच झाले होते, आणि त्यातून तर हिंदी नौकानयनाचा इतिहास सुरू झाला.

ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८९१ साली कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने एका घराण्याच्या तीन बोटी पॅसिफिक महासागरावर आणल्या: 'एम्प्रेस ऑफ इंडिया', 'एम्प्रेस ऑफ जपान' आणि 'एम्प्रेस ऑफ चायना'. थोरली आपल्या देशाच्या नावाची. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली, तिचे इस्पितळी जहाज केले आणि नाव ठेवले 'लॉयल्टी'. युद्ध संपले. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी हिंदी मालकीची जहाज कंपनी काढण्याच्या खटपटीत होते. त्यांनी ही बोट घेतली, कंपनीला नाव दिले सिंदिया, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. ५ एप्रिल हा आजही आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे तो त्यामुळे. परक्या घराण्यातली, दोनदा विकलेली, वय झालेली बोट. पण पहिले पाऊल तिचे.

ह्याच सिंदिया कंपनीने पुढे विशाखापट्टणमला गोदी काढली आणि तेथे बांधलेले पहिले मोठे जहाज, 'जलउषा', मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. स्वातंत्र्याला अजून वर्षही झाले नव्हते. आणि त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, समुद्रापासून दूर, पुणे-नगर रस्त्यावर आमचे जहाज पाण्यात उतरले! १ जून १९४८. राज्य परिवहनाची पहिली गाडी. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. बेडफर्ड बनावटीची गाडी, लाकडी सांगाडा, काथ्याची आसने. केवटे हे आमच्या नगरचे. रामायणात नाव वल्हवून प्रभूला पैलतीरी नेणारा तो केवट; आणि बिनसमुद्राच्या जिल्ह्यात पहिले तिकीट फाडणारे हे केवटे. आम्ही काही जुळवून आणलेले नाही. ही नोंद आहे.

आता खरा विषय. १९४८ साली ह्या नव्या ताफ्याची स्थिती काय होती? खाजगी सर्व्हिस मोटारींचा जमाना नुकता मावळत होता, आणि सरकारी ताफ्यात दहा बनावटींच्या गाड्या गोळा झाल्या होत्या. शेव्हरले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. दहा घराणी! एखाद्या आगारातल्या मिस्त्रीची कल्पना करा. फोर्डचा पाना अल्बियनला लागत नाही, सेडनचा सुटा भाग विलायतेहून यायचा, आणि घाटात बंद पडलेल्या गाडीतले उतारू खाली उतरून धक्का मारताहेत. एकसारखी घराणी का हवीत, हे गोऱ्या जहाजवाल्यांना गोदीत कळले, तेच आमच्या मिस्त्र्यांना माळावर कळले. पुढे ताफा देशी सांगाड्यांवर आला, टाटा आणि अशोक लेलँड. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा येथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा झाल्या आणि तेथे एका साच्याच्या गाड्या बांधून निघू लागल्या.

ह्याची एक खूण वाचकांनी कधी पाहिली आहे का? नगर जिल्ह्याच्या वाहनांवर एम. एच. १६ असते आणि श्रीरामपूरकडच्या वाहनांवर १७. पण माळीवाड्याच्या स्थानकात उभे राहून एस्. टी.चे नंबर वाचा. बहुतेक गाड्या १४, २० किंवा ४० च्या. कारण गाडीची नोंदणी जेथे ती बांधली तेथली असते. १४ म्हणजे दापोडीची लेक, २० म्हणजे चिकलठाण्याची, ४० म्हणजे हिंगण्याची. माहेर नंबरावरून कळते आणि सासर कळते ते अंगावर लिहिलेल्या आगाराच्या नावावरून. आमच्या विभागातली अकरा आगारांची नावे आम्ही शाळकरी वयात कवितेसारखी पाठ केली होती: तारकपूर, पारनेर, श्रीगोंदे, जामखेड, पाथर्डी, शेवगाव, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, अकोले. बोटीच्या पाठीवर तिच्या बंदराचे नाव लिहितात, तसेच हे.

नुसती घराणी झाली म्हणजे भागत नाही, नावे हवीत. ह्या कलेत एस्. टी. बोटवाल्यांच्या रेसभर पुढे आहे. पन्नासच्या दशकाच्या आरंभीच पुणे-महाबळेश्वर रस्त्यावर दोन आरामगाड्या आल्या. मॉरिस कमर्शियलच्या सांगाड्यावर बांधलेल्या. दोन-दोन आसने, पडदे, हिरवट काचा आणि आत चक्क घड्याळ! नावे 'नीलकमल' आणि 'गिरीआरोहिणी'. काथ्याच्या बाकड्यांच्या काळात गिरीआरोहिणी! नाव ठेवणाऱ्या अनामिक साहेबांना आमचा नमस्कार. पुढे १९८२ साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे खेळाडूंची ने-आण करण्यासाठी महामंडळाने गाड्या बांधून पाठवल्या. खेळ संपले, गाड्या घरी आल्या आणि दादर-पुणे रस्त्यावर धावू लागल्या. त्या झाल्या 'एशियाड'. पुढे अशा साऱ्याच निमआराम गाड्यांना लोक एशियाड म्हणू लागले. घराण्याला पहिल्या बोटीचे नाव मिळते म्हणतात ते असे. येथे तर एका क्रीडामहोत्सवाचे मिळाले. ज्यांनी दिल्ली पाहिली नाही अशा लाखो माणसांनी एशियाडमधून प्रवास केला.

मग २००२ साली वातानुकूलित 'शिवनेरी', निमआरामाला 'हिरकणी', पुढे 'परिवर्तन', 'यशवंती', 'अश्वमेध', २०१७ साली 'शिवशाही', २०१८ साली 'विठाई'. आणि १ जून २०२२ रोजी, पहिल्या गाडीच्या वाढदिवसाला, त्याच पुणे-नगर मार्गावर विजेवर चालणारी 'शिवाई'. नावे सुरेख आहेत ह्यात शंका नाही. रायगडाचा कडा उतरणारी हिरकणी, शिवनेरीवरची देवी शिवाई. पण शिवनेरी, शिवशाही आणि शिवाई ह्या तिघींतला भेद स्थानकावर धावपळीत कोणी सांगून दाखवावा! माई तिघींनाही 'शिवआजी' म्हणतात आणि "तिकीट किती?" एवढाच प्रश्न विचारतात. बोटवाल्यांनी आडनाव एक ठेवले, आपण पहिले अक्षर एक ठेवले, गोंधळ तोच.

ह्या वरच्या घराण्यांचे कौतुक पुष्कळ झाले. उद्घाटने त्यांचीच होतात, फिती त्यांच्यासाठीच कापल्या जातात, छायाचित्रे त्यांचीच येतात. आम्हाला आज बोलायचे आहे ते जिला नाव नाही तिच्याविषयी. तिला 'साधी' म्हणतात. लोकांनी तिला आधी 'लाल डबा' म्हटले, आणि मग प्रेम आले तेव्हा 'लालपरी' म्हटले. पण ही लोकांनी ठेवलेली नावे. टप्पा सहा किलोमीटरांचा, हात दाखवला की थांबते, आणि भाडे सर्वांत कमी. बोटींच्या ताफ्यात अशी बोट नसते. सहलीच्या बोटीवरचा सर्वांत स्वस्त उतारूही हौसेखातर आलेला असतो. बोट चुकली तर त्याची सुट्टी जाते. साधी गाडी चुकली तर काय जाते, हे पाहायचे असेल तर पाथर्डी-जामखेडच्या डोंगराकडच्या किंवा अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या एखाद्या फाट्यावर सकाळी उभे राहावे.

तेथे मुली उभ्या असतात. पाठीवर दप्तर, हातात पास. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला एस्. टी.चा पास फुकट मिळतो, आणि त्या योजनेला नाव आहे अहिल्यादेवी होळकरांचे. अहिल्यादेवींचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. २०२४ साली आमच्या जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. नाव कागदावर चढायला वेळ लागला, पण गावोगावच्या मुलींच्या दप्तरात ते कितीतरी आधी पोचले होते. हा पास चालतो तो साध्या गाडीत. गावापासून शाळा आठ-दहा किलोमीटर. सकाळची फेरी आली तर मुलगी आठवीत जाते. आणि संध्याकाळची फेरी वेळेवर आली तर ती नववीतही जाते. संध्याकाळची फेरी पुन्हा पुन्हा चुकू लागली की घरात चर्चा सुरू होते. "अंधारातनं पोरगी येणार कशी?" हा प्रश्न आजोबा विचारतात, मग वडील विचारतात, आणि एका दिवशी आईही विचारते. त्या घरात शिक्षणाविषयी मतभेद नसतो, वाचकहो. मतभेद असतो तो साडेपाचच्या गाडीविषयी.

२०२१ च्या ऑक्टोबरात, रोगराईत दीड वर्ष बंद असलेल्या गावच्या शाळा उघडू लागल्या, आणि महिनाभरात एस्. टी.चा संप सुरू झाला. तो चालला थेट २०२२ च्या एप्रिलपर्यंत. कामगारांचे म्हणणे काय होते, सरकारचे काय होते, हा वाद मोठा आहे आणि दोन्ही बाजूंनी बोलणारे शहाणे लोक आहेत. चालक-वाहकांच्या घरीही चूल होती आणि ती विझायला आली होती. आम्ही एवढेच म्हणतो की, त्या सहा महिन्यांत ज्याच्याजवळ मोटारसायकल होती त्याचा मुलगा शाळेत गेला. मुलींचे काय झाले ते त्यांच्या आयांना विचारावे.

एस्. टी.त आणि बोटींत एक साम्य मात्र आम्हाला थोडे खटकते. बोट नवी असते तेव्हा तिला दूरच्या, मानाच्या सफरी मिळतात; वय झाले की लहान कंपनीकडे, लहान पल्ल्यावर जाते, आणि शेवटी भावनगरजवळ अलंगच्या किनाऱ्यावर किंवा तुर्कस्तानात अलियाआच्या किनाऱ्यावर तिला तोडतात. ती थोरली फँटसी २०२० साली तशीच तुर्कस्तानात गेली. गाडीचेही तसेच. नवी असते तेव्हा ती मुंबई-पुण्याच्या लांब फेऱ्या करते. खिळखिळी होऊ लागली की तालुक्याच्या फेऱ्यांना लागते. हिशेबाने हे बरोबर आहे. लांबच्या रस्त्यावर गाडी बंद पडणे परवडत नाही. पण खड्ड्यांचे रस्ते सगळे तालुक्यात, आणि तेथे आमची सर्वांत म्हातारी गाडी. चांगल्या रस्त्याला नवी गाडी आणि वाईट रस्त्याला जुनी, ह्या न्यायाने ती दोघींनाही म्हातारपण लवकर आणते, गाडीला आणि तीत बसणाऱ्या बाईला.

हे सारे आम्ही माईंना ऐकवले. माईंना तत्त्वज्ञान आवडत नाही. त्या म्हणाल्या, "मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट झाले ना? तेव्हापासून आमच्याकडच्या बाया तालुक्याच्या बाजाराला गाडीनं जातात. आधी टेंपोच्या मागं उभ्या राहायच्या." ह्यावर पुतण्या म्हणाला, "आत्या, मग आता तुम्ही शिवशाहीनं जा, अर्धेच पडेल." माईंनी त्याच्याकडे असे पाहिले की, तो जणू अटलांटिकमध्ये पडला. "अरे, शिवशाही आमच्या फाट्यावर थांबते का?"

थांबत नाही. तेथे थांबते ती मुक्कामी गाडी. ही साध्या घराण्यातलीही सर्वांत साधी. संध्याकाळी तालुक्याच्या स्थानकातून निघते, वाटेत प्रत्येक वस्तीला दोन-चार माणसे, एखादे पिठाचे पोते, डॉक्टरकडून परत आणलेली म्हातारी, एवढे उतरवीत उतरवीत रात्री शेवटच्या गावी पोचते आणि देवळासमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहते. चालक-वाहक देवळात नाही तर पंचायतीच्या खोलीत पथारी टाकतात. कोणाच्या घरून भाकरी येते. रात्री गावात कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाला पान लागले, तर लोक आधी गाडीकडे बघतात. ती उभी आहे एवढ्यानेच गावाला धीर असतो. पहाटे साडेपाचला चालक इंजिन सुरू करून ठेवतो. त्या आवाजावर गाव उठते. दुधाच्या कॅनी आधी चढतात, मग कोर्टाच्या तारखेचा माणूस, मग कॉलेजची मुले; आणि पाटी उलटी फिरवली की गाडी तालुक्याला निघते.